डाव्या कानातला सूर

व्हायोलिन डाव्या खांद्यावर ठेवून हनुवटीनं धरतात. त्यामुळे वाजवणाऱ्याचा डावा कान वाद्यापासून जेमतेम वीतभर लांब असतो. उजवा त्या मानानं दूर, खोलीत बसलेल्या बाकीच्या माणसांसारखा. मी कितीतरी वर्षं वाजवत होते, पण ही गोष्ट मला सांगितली ती कानाच्या डॉक्टरनं. तोवर डावा कान आणि उजवा कान असा भेद करायची वेळच माझ्यावर आली नव्हती.

आम्ही नालासोपारा पूर्वेला आचोळ्यात राहतो. वडील मूळचे रत्नागिरीकडचे, मुंबईत नोकरी करून इथं फ्लॅट घेतलेले. मी शाळेत असताना व्हायोलिन हातात घेतलं आणि कॉलेजात गेल्यावर लग्नसमारंभांत कार्यक्रम करणाऱ्या एका ऑर्केस्ट्रात वाजवायला लागले. गाणं एकदोनदा ऐकलं की मी ते वाजवून दाखवायचे. "पोरीचा कान तयार आहे," असं लोक म्हणायचे आणि मलाही ते खरं वाटायचं. पुढे वसईतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी लागली आणि ऑर्केस्ट्रा सुटला. व्हायोलिन मात्र सुटलं नाही. उलट मनात एक खुटखूट सुरू झाली, की आपण इतकी वर्षं जे वाजवतोय ते नेमकं काय आहे, हे आपल्याला ठाऊकच नाही.

ऑर्केस्ट्रातल्याच एकानं मला वसईजवळच्या गिरीज गावातल्या सरांकडे पाठवलं. सरांनी उमेदीची सगळी वर्षं मुंबईच्या स्टुडिओंत व्हायोलिन वाजवण्यात घालवली होती. मग एका कीबोर्डमध्ये पन्नास व्हायोलिनं मावायला लागली आणि त्यांचं काम थांबलं. तेव्हापासून ते गावातच होते. चर्चमध्ये गाणाऱ्यांची क्वायर बसवायचे, मुलांना परीक्षांसाठी शिकवायचे. केळी आणि नारळाच्या वाडीत त्यांचं बैठं घर होतं. पुढच्या खोलीत एक जुना पियानो होता. समुद्राच्या हवेनं त्याच्या दोन पट्ट्या कायमच्या बसल्या होत्या.

पहिल्या दिवशी मी माझं सगळ्यात जलद, टाळ्या घेणारं गाणं वाजवलं. सरांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पियानोवर दोन सूर एकापाठोपाठ वाजवले.

"हे वाजव."

मी लगेच वाजवले.

"आता सांग, या दोघांत अंतर किती?"

मला सांगता येईना. मी परत वाजवून दाखवले.

"वाजवून पोपटही दाखवेल, बाय," ते म्हणाले. "तुला ऐकू येतं. पण कळत नाही. कळून घ्यायचं असेल तर ये. दोनचार महिन्यांत काही होणार नाही, ते आधीच सांगतो."

मी रडवेली झाले होते, पण पुढच्या शनिवारी स्कूटी काढून परत गेले. तिथून पुढे कित्येक वर्षं शनिवार-रविवार गिरीजलाच गेले.

सर आधी व्हायोलिन पेटीतून काढूच द्यायचे नाहीत. गायचं. सा म्हणून थेट प म्हणायचा, प वरून उतरून ग पकडायचा, मधल्या पायऱ्यांना हात न लावता. ते पियानोवर तीन सूर एकदम दाबायचे आणि मला त्यातला फक्त मधला गाऊन दाखवायला लावायचे. सुरुवातीला मला तो मधला सूर ऐकूच यायचा नाही. घट्ट शिवलेल्या कापडातला एक धागा ओढून काढण्यासारखं ते होतं. एखादी ओळ ते वाजवायचे आणि मी ती वाद्याला न शिवता कागदावर पाच रेघांत उतरवायची. "तुमची सरगम चांगली," ते म्हणायचे, "तिच्यात सा कुठेही नेता येतो. पण कुठे नेला ते नेणाऱ्याला कळायला नको?"

वाडीतही धडा सुरूच असायचा. पाण्याची मोटर चालू झाली की विचारायचे, "कुठल्या सुरात?" मी मनात सा धरून मोजायचे आणि सांगायचे, जी या पाश्चात्य सुराच्या जरासा वर. "बरोबर. देशभरातल्या मोटरी आणि ट्यूबलाइटी याच सुरात गुणगुणतात. विजेचाच सूर आहे तो." त्या संध्याकाळी घरी आले तर आमचा फ्रिज त्याच सुरात होता. मी आईला हाताला धरून फ्रिजपाशी नेलं. ती म्हणाली, "गाणं शिकायला जातेस की इलेक्ट्रिशियनचं काम शिकायला?"

सरांच्या बायकोला मी आंटी म्हणायचे. ती दोघं आपसात त्यांच्या घरच्या बोलीत बोलायची. मला त्यातले शब्द फारसे समजायचे नाहीत, पण चढउतार कळायला लागले. आंटी आतून काही म्हणाल्या की सर माझ्याकडे बघायचे. "विचारतेय की सुनावतेय?" मी म्हणायचे, "सुनावतायत." सर मोठ्यानं हसायचे आणि आतून आंटींचा आवाज आणखी चढायचा.

एक रविवार मला आजही जसाच्या तसा आठवतो. सरांनी क्वायरच्या सरावाचं रेकॉर्डिंग लावलं, चार आवाजांतलं एक भक्तिगीत. मी ते पुन्हा पुन्हा ऐकून चारही आवाज लिहून काढले. सरांनी छापील पान शेजारी ठेवलं आणि पेन्सिल घेऊन तपासत गेले. एका ठिकाणी थांबले. तिथं माझा सूर छापलेल्यापेक्षा वेगळा होता. त्यांनी रेकॉर्डिंग परत लावलं, तोच तुकडा दोनतीनदा ऐकला आणि हसायलाच लागले.

"छापलेलं बरोबर आहे. तूही बरोबर आहेस. चुकला तो टेनर गाणारा!"

त्यांनी आंटींना बाहेर बोलावून तो कागद दाखवला. आंटींना त्यातलं काही वाचता येत नव्हतं. तरी त्या पदराला हात पुसून कागद हातात घेऊन उभ्या राहिल्या. सर म्हणाले, "आता डिप्लोमाला बस. थिअरी, वाजवणं, कानाची परीक्षा, सगळं एकदम. मग नोकरी सोड आणि हेच कर." त्यांच्या हाताखालून परीक्षा पास होणारी मुलं पुष्कळ गेली होती. हेच करणारं कोणी निघालं नव्हतं. त्या दिवशी स्कूटीवरून घरी येताना मी मोठमोठ्यानं गात आले.

परीक्षेला काही महिने होते तेव्हाची गोष्ट. सकाळी दात घासताना डावा कान बंद झाल्यासारखा वाटला. पोहल्यावर पाणी राहतं ना, तसा. आत बारीक शिट्टी वाजत होती. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, "सर्दी उतरलीय. सुटेल आपोआप." थेंब दिले. गिरीजला न जाता मी दोनतीन आठवडे थेंब घालत राहिले. शिट्टी कमी झाली आणि मलाही वाटलं, सुटतंय.

मग एका रविवारी गिरीजला गेले. व्हायोलिन काढलं, खांद्याला लावलं आणि सूर लावायला ए ची तार छेडली. एका तारेतून दोन सूर आले. एक ओळखीचा आणि त्याच्या अंगाला घासत, जरासा वर, दुसरा. मी खुंटी पिळली. दोन्ही चढले. उतरवली, दोन्ही उतरले. त्यांच्यातलं अंतर काही मिटेना.

"उतरलाय का?" सरांनी विचारलं.

"नाही सर. दोन वाजतायत."

त्यांनी माझ्या हातातून व्हायोलिन घेतलं, तार तपासली, तारेखालची घोडी तपासली, स्वतः छेडून पाहिलं. "एकच आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघत राहिले. मी उजव्या कानावर तळहात दाबला आणि त्यांना परत वाजवायला सांगितलं. डाव्या कानातून तोच ए वरचा ऐकू आला, पातळ, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. हात बदलला. उजव्यातून जिथल्या तिथं. मी हे सांगितलं तेव्हा सरांचा चेहरा उतरला.

"उद्या ऑफिसला जाऊ नकोस," ते म्हणाले. "मोठ्या डॉक्टरकडे जा."

मुंबईतल्या कानाच्या डॉक्टरनं मला एका बंद खोलीत बसवलं, हेडफोन लावला आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. मला ती परीक्षा जवळजवळ आवडली. किती वर्षं मी तेच करत होते. बाहेर आल्यावर डॉक्टरबाईंनी एक आलेख समोर ठेवला. उजव्या कानाची रेघ सपाट होती. डाव्याची मध्येच खाली कोसळली होती.

"आतल्या कानाला मार बसलाय. असं अचानक होतं, बहुतेक वेळा कारण सापडत नाही," त्या म्हणाल्या. "मी गोळ्या देते. पण पहिल्या काही दिवसांत आला असतात तर आशा जास्त होती."

"सर्दी आहे म्हणाले होते."

त्या औषधं लिहायला लागल्या. "माणसांचं बोलणं कळतंय ना? मग बरंच वाचलं म्हणायचं."

"मी व्हायोलिन वाजवते," मी म्हटलं.

लिहिता लिहिता त्यांनी पेन खाली ठेवलं. तेव्हाच त्यांनी मला डाव्या कानाचं आणि वीतभर अंतराचं सांगितलं. व्हायोलिनमुळेच झालं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगता येणार नाही. कदाचित काहीच संबंध नसेल." संबंध असता तर बरं झालं असतं, असं मला जिना उतरताना वाटलं. निदान एक कारण तरी हाताला लागलं असतं.

गोळ्यांनी बंद झाल्यासारखं वाटणं गेलं. दुसरा सूर गेला नाही. घरी फ्रिज दोन सुरांत गुणगुणू लागला. आई हाक मारायची तर तिच्या हाकेलाही एक कड आलेली. बोलणं सगळं कळत होतं, त्यामुळे मला काही झालंय हे कुणाला दिसत नव्हतं. ऑफिसात तर मी बरी होऊन आले होते.

सरांनी हार मानली नाही. "डावा कान बंद कर. उजव्यावर वाजव," ते म्हणाले. मी कानात बोळा घातला. पियानो ते वाजवायचे तेव्हा सूर चक्क एकच यायचा, आणि मला भरून यायचं. पण व्हायोलिन हनुवटीखाली धरलं की ते जबड्याच्या हाडातून वर चढायचं, थेट आतल्या कानात. बोळ्याचा तिथं काय उपयोग? मग सरांनी मला ते छातीशी धरून वाजवायला लावलं, हनुवटी न टेकवता. सूर थोडे जवळ आले. पण डाव्या हातानं वाद्य सावरायचं की तारेवर वरखाली फिरायचं? हात वर सरकला की व्हायोलिन निसटायचं. इतक्या वर्षांनी मी शिकायला लागून महिनाही न झालेल्या मुलीसारखी वाजवत होते. सर तरी म्हणत होते, "होईल, होईल." त्यांच्या आवाजाचा चढउतार मला कळत होता. ते स्वतःलाच सांगत होते.

परीक्षेला मी गेले. वाजवण्याचे तुकडे रेकॉर्ड करून परीक्षा घेणाऱ्यांकडे पाठवायचे होते, ते आम्ही कान चांगला असतानाच करून ठेवले होते. थिअरीचा पेपर मी शांतपणे लिहिला. कागदावरचे सूर एकएकटेच असतात. उरली कानाची परीक्षा. एका छोट्या खोलीत पियानो होता आणि पियानोशी एक सौम्य चेहऱ्याचे परीक्षक. मी डाव्या कानात बोळा घालून गेले होते. त्यांनी तीन सूर एकदम दाबले आणि मधला गायला सांगितलं. मला तो स्वच्छ ऐकू आला. मला उत्तर येत होतं. मी तोंड उघडलं, सूर लावला, आणि माझाच आवाज डोक्याच्या आत दुभंगला. बाहेरचं बंद करता येतं, आपला गळा कुठल्या कानापासून बंद करणार? मी तो सावरायला गेले, वर सरकले, मग खाली. परीक्षक म्हणाले, "टेक युअर टाइम." मी परत लावला. त्यांनी पुढचा प्रश्न वाजवला. त्यानंतर त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मला लाजवायचं नव्हतं त्यांना.

निकाल आला. थिअरीत उत्तम गुण होते. कानाच्या परीक्षेत नापास. डिप्लोमा नाही.

"सगळं बंद नाही झालं," सर म्हणाले. "कागद आहे. संगीत कागदावरही करता येतं. वाचायचं आणि मनात ऐकायचं. तुझा मनातला कान कुठे बिघडलाय?"

हे खरं होतं. मी पान उघडून वाचलं की मनात सगळं पूर्वीसारखं वाजायचं, चारही आवाज वेगळे, स्वच्छ, प्रत्येक एकच. ते काही महिने मी त्याच्यावर जगले. दुपारच्या सुट्टीत ऑफिसच्या मागच्या बाकावर बसून मी पानं वाचायचे. सरांनी मला स्वररचनेचे धडे द्यायला सुरुवात केली होती. मी चार आवाजांत लिहायचे, ते पियानोवर वाजवून पाहायचे आणि म्हणायचे, "बघ, चूक नाही." मी आयुष्यात एवढं लक्ष देऊन कधी काही ऐकलं नसेल.

मग एका दुपारी त्याच बाकावर मी एक ओळ वाचत होते. ए वर आले आणि मनात वाजला तो दुहेरी ए. वरचा, पत्र्याचा सूर त्याला घासत होता. मी पान मिटलं. डोळे मिटले. जुना ए आठवायचा प्रयत्न केला. एखाद्या माणसाचा चेहरा आठवायला जावं आणि त्याच्या शेवटच्या आजारातलाच चेहरा पुढे यावा, तसं झालं. हळूहळू बाकीचे सूरही गेले. रोज जे कानावर पडत होतं ते आत झिरपलं होतं. मी हे सरांना लगेच सांगितलं नाही. लिहीत राहिले, नियमांनी. नियम पाठ होते. सर वाजवून म्हणायचे, "चूक नाही," आणि मी मान डोलवायचे.

शेवटी ते आपोआपच उघडं पडलं. पावसाळ्यानंतरचा रविवार होता. सर आपलं व्हायोलिन घेऊन ओटीवर बसले होते. त्यांची बोटं अलीकडे थरथरायची, खुंट्या नीट फिरवता यायच्या नाहीत. "ए लावून दे," त्यांनी माझ्या हातात दिलं. मी वाद्य मांडीवर घेतलं, बोळा घातला, तार छेडली, पिळली आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"अजून खाली आहे," ते म्हणाले.

मी चढवली. "आता?"

"आता... आता वर गेला का?"

"तुम्ही सांगा ना, सर."

त्यांनी कान पुढे केला. मी छेडली. त्यांनी मान हलवली, पण ती कुठल्या अर्थानं हलली ते त्यांनाही कळलं नसावं. "मला वरचे सूर हल्ली नीट ऐकू येत नाहीत," ते खाली बघत म्हणाले. "क्वायरमधली मुलं सांगतात. मी तुला म्हटलं नाही."

"मला आता मनातही दोन येतात," मी म्हटलं. "मीही तुम्हाला म्हटलं नाही."

मग आंटी आतून मोबाइल घेऊन आल्या. नातवानं त्यात सूर तपासायचं ॲप घालून दिलं होतं. त्यांनी तो आमच्या दोघांच्या मध्ये ओटीवर ठेवला. मी तार छेडत गेले, काटा हलत गेला, हिरवा दिवा लागला. आंटी म्हणाल्या, "झालं?" सर म्हणाले, "झालं." त्यांनी व्हायोलिन घेतलं आणि न वाजवता पेटीत ठेवून दिलं.

त्यानंतर मी शिकायला गेले नाही. जाऊ नको असं कुणी म्हटलं नाही, मीही येत नाही असं सांगितलं नाही. नाताळला भेटायला गेले तेव्हा सरांनी क्वायर दुसऱ्या कुणाला दिली होती. पियानोवर कपड्यांच्या घड्या होत्या. आंटींनी मला खायला दिलं. सरांनी ऑफिसचं विचारलं, मी त्यांच्या गुडघ्यांचं विचारलं. फाटकापर्यंत सोडायला आले तेव्हा एकदम म्हणाले, "तू खरंच म्युझिशियन झाली असतीस." मी स्कूटी चालू केली. मागे वळून पाहायचा धीर झाला नाही.

मध्यंतरी जवळच्या फुलपाड्यातल्या एका संगीत क्लासवाल्यांनी थिअरी शिकवायला बोलावलं. मी थोडे दिवस गेले. मुलं हुशार होती, भराभर लिहायची. एका मुलीनं फळ्यावरचा एक सूर गाऊन दाखवला आणि विचारलं, "टीचर, बरोबर आहे ना?" सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मला माहीत नव्हतं. मी "बरोबर" म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी क्लासवाल्यांना फोन करून ऑफिसचं काम वाढल्याचं सांगितलं.

नोकरी आहे. पगारवाढही झाली. वडील आता निवृत्त झालेत, संध्याकाळी खाली सोसायटीच्या बाकावर बसतात. लोक त्यांना विचारतात, मुलगी वाजवते का हो अजून? ते म्हणतात, वेळ मिळत नाही तिला.

आई पूर्वी स्वयंपाक करताना मोबाइलवर जुनी गाणी लावायची. माझा कान गेल्यापासून तिनं ते बंद केलं. मी तिला कधी सांगितलं नव्हतं, तिनंच ठरवलं. परवा मी ऑफिसातून लवकर आले. चावीनं दार उघडलं तर ती ओट्याशी उभी होती आणि मोबाइल मसाल्याच्या डब्याला टेकवून, अगदी बारीक आवाजात, गाणं चालू होतं. ती गुणगुणत होती. मला पाहिलं आणि कणकेच्या हातानंच घाईघाईनं ते बंद केलं.

"राहू दे ना," मी म्हटलं.

"नको गं. उगीच लावलं होतं."

मी हात धुतले, ताटं घेतली. तिनं पोळ्या लाटल्या, मी भाजल्या. मग वडील वर आले आणि आम्ही जेवायला बसलो.